साडेनव्याण्णव

मालनकाकींनी ट्रेमधलं एक अंडं उचललं, बशीच्या काठावर फोडलं आणि बशी माझ्या नाकाखाली धरली.

"बघा बाई. आतल्या आत शिजलंय."

मी वीज तपासायला आले होते, अंडी नव्हे. पण काकींपुढे असलं काही बोलायची सोय नव्हती. बशीत पिसं फुटायला लागलेलं एक ओलं, काळपट पिल्लू मुडपून पडलं होतं, आणि माझा अजून चहासुद्धा झाला नव्हता. मी मान हलवली आणि बशी हळूच बाजूला सारली.

"सगळी अशीच?"

"निम्म्याच्या वर. जी निघाली ती बी लंगडी. डॉक्टर म्हणतो, उष्णता जास्त झाली. ह्ये कपाट म्हणतंय, साडेनव्याण्णव. आता खरं धरायचं कुणाचं?"

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. विट्याच्या पुढे, उघड्या माळावर काकींची हॅचरी होती. नवरा वारल्यावर दिरांनी ती विकून टाका म्हणून धोशा लावला होता. काकींनी विकली तर नाहीच, उलट आणखी एक नवं मशीन आणून बसवलं. मशीन म्हणजे माणूस उभा आत शिरेल एवढं लोखंडी कपाट. आत ट्रेच्या चळती, वर पंखा, दारावर लाल आकडे दाखवणारी चौकट. खुडूक कोंबडी एकवीस दिवस पोटाखाली धरून जे करते ते हे कपाट करायचं. त्याला एकच गोष्ट सांभाळायची होती. तापाच्या जुन्या थर्मामीटरवर असतात त्या मापाने साडेनव्याण्णव. त्याच्या फार वर गेलं आणि तिथेच राहिलं, की पिल्लं संपली.

मी सांगलीची. कारखान्यांत, दवाखान्यांत येणारी वीज कितपत चोख आहे ते तपासायचं, हा माझा धंदा. घरच्यांनाही तो नीट कळला नव्हता. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या, आमची शलाका मीटरचं रीडिंग घेते. मी ते खोडून काढणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"वायरमन येऊन गेला का?" मी विचारलं.

"आला की. त्याचा सायेब बी आला. मीटर लावून म्हणाले, व्होल्टेज झकास हाय, काकी, तुमच्या माणसातच खोट हाय. माणूस तर कवाच गेला. आता दिवसपाळीला मी सोता बसते, ह्या खुर्चीवर, डोळं फाडून. तरी ह्ये असं." त्यांनी बशीकडे बोट केलं. "म्हणून तुमास्नी बोलवलं."

"कोण माणूस?"

"हुता एक. धुळा मेटकरी." त्यांनी पदर खोचला. "खोटं बोलला. देवाच्या पुढ्यात खोटं बोलला."

एवढं बोलून त्यांनी तोंड असं मिटलं, की पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही.

मी तारांना चिमटे लावले आणि माझं यंत्र स्टुलावर मांडलं. त्याच्या पडद्यावर वीज दिसते. चांगली वीज कशी दिसते, तर लहान मुलं डोंगरांची रांग काढतात तशी. गुळगुळीत चढ, गुळगुळीत उतार, पुन्हा चढ. त्या सकाळी डोंगर इतके सुरेख होते, की मला सांगलीहून मारलेली खेप फुकट गेल्यासारखी वाटली. चहा झाला. काकींनी आग्रहाने भाकरी आणि ठेचा खायला लावला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून मी पडद्याकडे पाहिलं तर डोंगरावर गवत उगवलं होतं.

खरंच तसंच दिसत होतं. चढावर, उतारावर, सगळीकडे बारीक बारीक कुसळं. ऊन पत्र्यावर चढत गेलं तशी ती वाढत गेली. विजेच्या मूळ लाटेवर दुसरीच एक फार जलद, फार बारीक थरथर येऊन बसली होती. साध्या मीटरला ती दिसत नाही, तो डोंगराची उंची मोजतो आणि झकास म्हणून निघून जातो.

"ह्ये काय?" काकी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"विजेत कुठून तरी कचरा मिसळतोय. आणि तो उन्हाबरोबर वाढतोय."

मी बाहेर आले. बांधाला लागूनच पशुखाद्याचा एक कारखाना होता आणि त्याच्या छपरावर निळ्या काचा उन्हात चकाकत होत्या. सौरऊर्जेच्या. दोघांची वीज एकाच डीपीवरून, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरून यायची.

"काकी, या काचा कधी बसवल्या?"

"शिमग्याच्या आगंमागं."

"आणि पिल्लं मरायला कधी लागली?"

काकींनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच थांबल्या. "पाडव्याच्या बॅचला," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. काचांवर तयार होणारी वीज जशीच्या तशी तारेत सोडता येत नाही. एक पेटी असते, ती तिचे बारीक तुकडे करून आपल्याला लागते तशी लाट बनवते. तुकडे करताना भुसा उडायचाच. तो अडवायला पेटीत एक चाळणीसारखा भाग असतो. शेजारच्या पेटीतली ती चाळणी खराब असणार, म्हणून सगळा भुसा तारेतून इकडे येत होता.

"येऊ दे की. त्यानं माझी अंडी कशी शिजतील?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या पेटीत काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर असतो. मी तो बाहेर काढला तशा काकी म्हणाल्या, "असला आमच्यात बी हुता. मालक हुते तवा. फुटला. नवीन मशीन घेतलं तवा विकणारा म्हणाला, आता काच कशाला पायजे, आकडं दिसत्यात की दारावर."

थर्मामीटर आत, ट्रेच्या मधोमध ठेवला, दार लावलं आणि वाट बघत बसलो. दारावरचे लाल आकडे दगडासारखे स्थिर होते. साडेनव्याण्णव. बऱ्याच वेळाने दार उघडून थर्मामीटर काढला आणि काकींच्या हातात दिला.

काकींनी तो तिरपा केला, सरळ केला, उजेडाला धरला. "एकशेतीन," त्या म्हणाल्या. दाराकडे पाहिलं. पुन्हा काचेकडे पाहिलं. "मग ह्ये लाल काय दाखवतंय?"

त्याचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही. नेमका तेव्हाच एक ढग सूर्यावर आला. माळ झाकोळला, पत्रा निवला, माझ्या पडद्यावरची कुसळं हात फिरवावा तशी खाली बसली. दारावरचा लाल आकडा उडी मारून एकशेतीनवर गेला. कपाट पिपाणीसारखं किंचाळायला लागलं आणि हीटरचा दिवा विझला. ढग सरकला, ऊन आलं, कुसळं उभी राहिली. आकडा गपकन साडेनव्याण्णववर आला, पिपाणी थांबली, हीटरचा दिवा पुन्हा लागला. आतली अंडी भाजत होती आणि कपाटाला वाटत होतं, सगळं ठीक चाललंय. त्या थरथरीने त्याला कमी उष्णता भासत होती.

मला इतका आनंद झाला, की मी मांडीवर थाप मारली. एका सकाळीत, हातात उत्तर! वळून पाहिलं तर काकी जमिनीवर बसल्या होत्या.

"धुळाआण्णा बोलला हुता," त्या म्हणाल्या. "एकदा बोलला हुता मला. मालन, आकडा उडी मारतोय. आभाळ आलं हुतं जरा त्या दिवशी. मी म्हणाले, झोपंत बघितलं आसशील."

मग सगळं बाहेर आलं. धुळाआण्णा काकींच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा. जातीचा धनगर, मेंढरं थोरल्या मुलाच्या हवाली करून इथे आलेला. अंडी अशी हाताळायचा, की काकींचे मालक म्हणायचे, ह्याच्या हाताला देवानं पिसं लावल्यात. काकींना सख्खा भाऊ नव्हता. दर भाऊबिजेला त्या आण्णाला ओवाळायच्या. दिवसपाळी आण्णाची, रात्रपाळी काकींची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. पाडव्यानंतर पहिली बॅच मेली. डॉक्टर म्हणाला, उष्णता. आण्णा म्हणाला, मी तासातासाला बघितलं, आकडा जागचा हलला नाही. दोन्ही कसं खरं असेल? दीर म्हणाले, झोपला असणार, आणि आता आकड्यावर ढकलतोय. काकींना तसं वाटत नव्हतं. पण घरात, गावात बोलणी सुरू झाली.

"मग बेल-भंडारा उचलायचं ठरलं," काकी म्हणाल्या. "खंडोबाच्या देवळात. पाच माणसांच्या म्होरं. आण्णा एका शब्दानं न्हाई म्हणाला न्हाई. बेल-भंडारा हातात घेतला आणि बोलला, म्या डोळ्याला डोळा लावला न्हाई, आकडा साडेनव्याण्णवच हुता. मला हायसं वाटलं बगा. म्हणलं, संपलं आता."

"आणि मग?"

"पुढची बॅच मेली की."

आमच्याकडे भंडारा उचलून कुणी खोटं बोललं तर देव त्याला दाखवल्याशिवाय राहत नाही, असं मानतात. गावाला पंच लागले नाहीत, मेलेली पिल्लंच पुरे झाली. माणसं आण्णाच्या तोंडावर बोलत नव्हती, पण देवळात तो आला की ढोल वाजवणाऱ्यांचे हात हळू पडायचे. आण्णा बोलायचा बंद झाला.

"मीच म्हणाले त्याला. माझीच जीभ. म्हणलं, आण्णा, कबूल कर. माणूस हायेस, लागला आसंल डोळा. देव माफ करंल, मी बी करते. ह्ये संपव एकदाचं." काकींनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "पंधरा दिस इचार करत बसला. मग गेला देवळात. पायरीला नाक घासलं, बेल-भंडारा उचलला आणि म्हणाला, लागला हुता डोळा. मी म्हणलं हुतं, कामावर ये. पर सोताच आला न्हाई. त्या दिसापासनं कपाळाला भंडारा लावत न्हाई तो. श्रावणातल्या बॅचा झकास निघाल्या. समदी म्हणाली, बघा, पाप गेलं."

"श्रावणात ऊन होतं का काकी?"

काकी कपाटाकडे बघत राहिल्या. आत हीटर चालूच होता.

"चला," त्या एकदम उठल्या आणि हीटरचं बटण बंद केलं. "आत्ताच्या आत्ता चला. तुमी सांगा त्याला. माझ्या तोंडून न्हाई निघायचं."

खरं सांगायचं तर मला कुणी आग्रह करायची गरज नव्हती. काकींच्या जीपमध्ये मी मनातल्या मनात मांडे खात बसले होते. आयुष्यभर कारखानदारांना आडवळणाच्या भाषेत अहवाल लिहून दिले. आज पहिल्यांदा एका खऱ्या माणसाला त्याचं नाव परत नेऊन देणार होते. दिवाळी चार-सहा दिवसांवर होती, काकींनी वाटेत थांबून साखर आणि रवा घेतला. मला म्हणाल्या, "ह्या वर्साला करंज्या आण्णाकडं बसून करते." थर्मामीटर मी पेटीत न ठेवता हातातच धरला होता.

आण्णाचं घर गावाबाहेर होतं. पुढे काटेरी कुंपणात थोडी मेंढरं, अंगणात बाज. आण्णा बाजेवर बसून लोकर पिंजत होता. उंच, हाडापेराने मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, लाल पागोटं. मिशांपासून पागोट्यापर्यंत मधलं कपाळ कोरं होतं. त्या वयाच्या धनगराचं कोरं कपाळ मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याची बायको, ठकूबाई, आम्हाला बघून दारातच थांबली. आत या म्हणाली नाही.

काकी गेल्या त्या सरळ आण्णाच्या पायांवर पडल्या. "आण्णा, तू खरा हुतास. चूक माझी हुती."

आण्णा गडबडून उठला. "आगं ऊठ, ऊठ. काय ह्ये मालन!" त्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोण?"

मी सांगितलं. काचांचं, पेटीचं, भुशाचं, ढगाचं. हातातला थर्मामीटर दाखवला. आपण किती सोपं करून सांगतोय याचं मला कौतुक वाटत होतं. आण्णा एकेक शब्द कान देऊन ऐकत होता. मी थांबले तेव्हा त्याने विचारलं, "म्हंजी म्या बघत हुतो त्यो आकडा तसाच हुता?"

"अगदी तसाच होता. तुम्ही जे पाहिलं तेच सांगितलं. खोटं कपाट बोलत होतं."

"आणि म्या जागा हुतो."

"जागेच होता. झोपला असतात तरी काही फरक पडला नसता. तुमच्यानंतर काकी स्वतः बसल्या, तरी पिल्लं मेलीच."

ठकूबाईच्या तोंडून हुंदका फुटला. "म्या सांगत हुते! म्या पयल्यापासनं सांगत हुते, ह्यो मानूस झोपायचा न्हाई म्हणून!" ती आत पळाली आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊनच बाहेर आली. रडत होती, हसत होती. चिमूट उचलून तिने त्याच्या कपाळाकडे हात नेला.

आण्णाने तिचं मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. जोरात नाही. त्याचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं, हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखं. "पयल्या बारीला भंडारा उचलला, तवा म्या खरं बोललो."

"व्हय की," ठकूबाई म्हणाली.

"मग दुसऱ्या बारीला?"

एक मेंढरू कुंपणाशी अंग घासत होतं.

"कबूल केलं तवा मला बी वाटलं हुतं, लागला आसंल डोळा. पंधरा दिस तेच आठवत बसलो. म्हणलं, देव उगं कशाला मला खोटा पाडंल? म्हणून म्हणालो, लागला हुता. भंडारा हातात धरून म्हणालो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी त्ये खोटं झालं की, बाई."

"आण्णा, तुम्ही ते मुद्दाम थोडंच…"

"भंडारा हातात हुता."

"मी म्हणाले म्हणून तू बोललास," काकी म्हणाल्या. "त्याचं पाप माझ्या माथी."

"हात माझा हुता, मालन."

तो पुन्हा बाजेवर बसला. लोकर हातात घेतली, पिंजली मात्र नाही.

"इतकं दिस एक बरं हुतं," तो म्हणाला. "चुकलो, पर शेवटाला देवाच्या म्होरं खरं बोललो, आसं वाटायचं. निवांत हुतो तेवढ्यापुरता." मग माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे बघत, कसलाही राग न धरता म्हणाला, "तुमचं यंत्र पाडव्याला आलं आसतं तर लई बरं झालं आसतं बाई. न्हाईतर मग आलंच नसतं, तरी चाललं आसतं."

खरं सांगितलं याचा पश्चात्ताप करता येत नाही, आणि मला तर तोच होतो. अंगणात यायच्या आधी एक क्षण थांबून विचार केला असता, तरी मी सांगितलंच असतं, हेही मला ठाऊक आहे. त्याने काही हलकं होत नाही.

"भाऊबिजेला येशील न्हवं?" काकींनी विचारलं.

"यीन की. करंज्या कर." तो उठला, कुंपणाकडे निघाला. जाता जाता म्हणाला, "ओवाळ. टिळा तेवढा लावू नगंस."

शेजाऱ्याने पुढच्याच आठवड्यात पेटी दुरुस्त करून घेतली. भला माणूस होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी काकींच्या कपाटांनाही गाळण्या बसवून दिल्या. नंतरच्या बॅचा छान निघाल्या. आण्णा कामावर परत आला नाही. पुढे काकींकडून कळायचं, की जत्रेत तो देवळाच्या पायऱ्यांखाली उभा असतो, लोक वर चल म्हणतात, तो तिथूनच हात जोडतो. गावाने त्याला केव्हाच खरा मानला होता. ढोल वाजवायला बोलावणं यायचं. तो जायचा नाही. चार वर्षांनी गेला. काकी म्हणाल्या, शेवटी ठकूबाईने कपाळाला भंडारा लावला, तेव्हा नाही म्हणायला तो नव्हता.

पण मला दिसतं ते त्या दुपारचं अंगण. आण्णा मेंढरांत गेला. काकी रव्या-साखरेची पिशवी पोटाशी धरून जीपपाशी उभ्या होत्या. ठकूबाई वाटी घेऊन होती तिथेच उभी होती. चिमूट अजून बोटांत होती, ती परत वाटीत टाकायला तिचा हात धजेना. तिने एकदा कुंपणाकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आली आणि तो भंडारा माझ्या कपाळाला लावला.

"तुमी खरं केलं बाई," ती म्हणाली. "देव तुमचं भलं करू दे."

सांगलीपर्यंत मी कपाळाला हात लावला नाही. घरी सासूबाईंनी दार उघडलं, कपाळाकडे पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, "खंडोबाला जाऊन आलीस?" मी हो म्हणाले, आणि तोंड धुवायला मोरीत गेले.